चाकाशेजारी बसणाऱ्या ताई

अंगणवाडीत मुलं गोल करून गाणं म्हणत असतात. साडेतीन वर्षांचा एक मुलगा मात्र भिंतीकडे तोंड करून खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक फिरवत बसतो. नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोट करून काही दाखवत नाही. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गावात दिसेल असं हे चित्र. एरवी त्याला दंडाला धरून गोलात आणलं जातं. हे काम शिकलेल्या अंगणवाडीच्या ताई मात्र त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, त्याच चाकाकडे बघतात आणि हळू म्हणतात, ‘चाक फिरी ऱ्हायनं.’ मग गप्प राहतात. मूल क्षणभर वर बघतं. ती नजर टिपता येणं, हे या कामातलं पहिलं कौशल्य.

असं कौशल्य तज्ज्ञ नसलेल्या माणसांनाही शिकवता येतं, हे गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने दाखवलं. ब्रिटनमधल्या ‘पॅक्ट’ पद्धतीवरून बेतलेला ‘पास’ हा उपक्रम गोवा आणि रावळपिंडी इथे 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत तपासला गेला. निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रीकरण होतं. कार्यकर्ती आणि आई ते सोबत बघतात, जमलेले क्षण शोधतात आणि आई घरी तोच सराव करते. मुलाच्या कलाने घेणं पालकांना जास्त जमू लागलं, मुलं स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र उलट कमी झाला. तरीही पायवाट पडली.

खानदेशात या पायवाटेवर चालू शकणारी पावलं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणं अपेक्षित आहे. दिव्यांग मुलांसाठीची अंगणवाडी नियमावली 2023 मध्ये आली. निदान तज्ज्ञांनीच करायचं. पण ‘तुमचं काही चुकलं नाही’ हे आईला पहिल्यांदा सांगणारी व्यक्ती अंगणवाडी सेविकाच असू शकते. ते वाक्य आईच्या अहिराणीत आलं, तर ती पुन्हा येते.

हे सगळं एका दिवसाच्या बैठकीत अंगी येत नाही. ताईंनी स्वतःचंही चित्रीकरण मुख्यसेविकेसोबत महिन्यातून एकदा तरी बघायला हवं: आपण कुठे घाई केली, कुठे थांबलो. मुलासाठी थांबायला शिकायचं, तर ताईंसाठीही कुणीतरी थांबलं पाहिजे.