जुन्या रिमफायर रिव्हॉल्व्हरची ओळख आणि कालनिश्चिती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि युरोपमध्ये लाखोंच्या संख्येने तयार झालेली रिमफायर रिव्हॉल्व्हर आज वस्तुसंग्रहालयांत, लिलावगृहांत आणि खासगी संग्रहांत आढळतात. त्यांपैकी अनेकांवर एखादे साल कोरलेले असते आणि तेच निर्मितीचे साल मानले जाते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पेटंटचे साल असते. या एका गैरसमजामुळे शस्त्राचे वय दहा-पंधरा वर्षांनी चुकते आणि किंमतही चुकते. शस्त्र परवान्याशिवाय बाळगता येईल किंवा नाही, हे काही देशांत त्याच्या वयावर अवलंबून असल्याने तेथे ही चूक कायद्याच्या दृष्टीनेही महागात पडू शकते.

या शस्त्रांची ओळख पटविण्याची पद्धत आता बरीच निश्चित झाली आहे. स्फोटन-पद्धती, रचना, अनुक्रमांक आणि छाप या चार गोष्टींचा एकत्रित विचार हा तिचा पाया आहे.

रिमफायर म्हणजे काय

रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला तळाच्या बाहेर आलेल्या पोकळ कडेत भरलेला असतो. घोड्याचे टोक या कडेवर आदळले की मसाला पेट घेतो आणि आतील दारू जळते. फ्रान्समधील लुई फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास तयार केलेले छोटे काडतूस हा या पद्धतीचा आरंभ मानला जातो. कड चेपली जाण्यासाठी काडतुसाचे कवच पातळ ठेवावे लागते. त्यामुळे त्याला फार मोठा दाब सोसत नाही. मोठ्या व्यासाच्या शस्त्रांत १८७० च्या दशकापासून मध्यभागी आघात होणारी, म्हणजेच सेंटरफायर काडतुसे पुढे आली, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. लहान व्यासात मात्र रिमफायर टिकून राहिले. ०.२२ इंची शॉर्ट काडतूस १८५७ पासून आजतागायत वापरात आहे.

त्यामुळे पहिली पाहणी घोड्याच्या टोकाची करावी लागते. टोक चक्रातील छिद्राच्या कडेवर पडत असेल तर शस्त्र रिमफायर, मध्यावर पडत असेल तर सेंटरफायर. चक्राच्या मागे टोपी बसविण्याची बोंडे असतील तर ते त्याआधीच्या पर्कशन पद्धतीचे असते. प्रत्येक छिद्राच्या कडेला बारीक खाच असेल तर ते फ्रान्सच्या लेफोशो घराण्याने रूढ केलेल्या पिनफायर पद्धतीचे समजावे.

एका पेटंटने घडविलेला इतिहास

अमेरिकी रिमफायर रिव्हॉल्व्हरचा कालक्रम रॉलिन व्हाइट यांच्या पेटंटशिवाय उलगडत नाही. चक्र आरपार छिद्रित ठेवून त्यात मागील बाजूने काडतूस भरण्याची कल्पना समाविष्ट असलेले हे पेटंट ३ एप्रिल १८५५ रोजी देण्यात आले. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी त्याचे हक्क मिळविले आणि प्रत्येक शस्त्रामागे व्हाइट यांना २५ सेंट देण्याचे मान्य केले. मात्र पेटंटच्या रक्षणासाठी न्यायालयात लढण्याची जबाबदारी व्हाइट यांच्यावरच राहिली. नक्कल करणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यांत त्यांचा मोठा खर्च झाला. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली. ती वाढविण्याचे विधेयक अमेरिकी काँग्रेसने मंजूर केले होते; परंतु राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला.

संग्राहकाच्या दृष्टीने या घटनाक्रमाचे तीन भाग पडतात. १८५७ ते १८६९ या काळात आरपार छिद्रांच्या चक्राची अधिकृत अमेरिकी रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनची किंवा त्यांच्या परवानगीने झालेली असत. याच काळात पेटंटचा भंग करणारे आणि पेटंटला वळसा घालणारे असे दोन्ही प्रकारचे कारखानदार होते. खटल्यांनंतर काही कारखानदारांच्या मालावर तो स्मिथ अँड वेसनसाठी बनविल्याचा मजकूर उमटविण्यात आला. ल्युशस पाँड यांची ०.३२ इंची रिव्हॉल्व्हर हे त्याचे परिचित उदाहरण आहे. मूर यांनी पुढून भरता येणारे, तर स्लोकम यांच्या रचनेनुसार बाजूने भरता येणारे चक्र बाजारात आले. अशी वेगळी रचना दिसली की शस्त्र १८६० च्या दशकातील असण्याची शक्यता मोठी असते. मुदत संपल्यानंतर मात्र सर्वांना वाट मोकळी झाली आणि स्वस्त रिव्हॉल्व्हरचा बाजारात पूर आला.

एका मॉडेलचे तीन टप्पे

कालनिश्चितीची पद्धत समजून घेण्यासाठी स्मिथ अँड वेसनचे 'मॉडेल क्रमांक १' हे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे. ०.२२ इंची, सात गोळ्यांचे हे छोटे शस्त्र १८५७ पासून १८८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत बनत होते. त्याची नळी वरच्या बिजागरीवर वर उचलली जाते, चक्र बाहेर काढता येते आणि नळीखालील दांड्याने रिकामी कवचे ढकलून काढली जातात.

पहिल्या टप्प्यातील (१८५७ ते १८६०) शस्त्रांचा सांगाडा पितळी असून त्यावर चांदीचा मुलामा असे. त्याच्या बाजू गोलाकार असून डाव्या अंगाला लहान वर्तुळाकार झाकण आहे. ही शस्त्रे सुमारे ११,६७० बनली आणि म्हणूनच ती सर्वाधिक मागणीची आहेत. दुसऱ्या टप्प्यात (१८६० ते १८६८) सांगाडा पितळीच राहिला, परंतु बाजू सपाट झाल्या आणि झाकण मोठे व अनियमित आकाराचे झाले. अनुक्रमांक पहिल्या टप्प्याच्या पुढे चालू राहून सुमारे सव्वा लाखापर्यंत पोहोचले. तिसऱ्या टप्प्यात (१८६८ नंतर) सांगाडा लोखंडी झाला, अष्टकोनी नळीऐवजी गोल नळी आली, चक्रावर उभे चर पडले आणि मुठीला पक्ष्याच्या डोक्यासारखा वळसा मिळाला. या टप्प्यात अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होऊन सुमारे १ लाख ३१ हजारांपर्यंत गेले.

यावरून केवळ अनुक्रमांकावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे स्पष्ट होते. मुठीच्या तळाशी ५,००० हा क्रमांक असेल, तर शस्त्र पहिल्या टप्प्यातील दुर्मीळ नमुना असू शकते किंवा तिसऱ्या टप्प्यातील तुलनेने सामान्य नमुनाही असू शकते. निर्णय रचनेवरून आधी करावा लागतो आणि क्रमांक नंतर वाचावा लागतो. लोहचुंबकाची साधी चाचणी येथे उपयोगी पडते. चुंबक पितळी सांगाड्याला चिकटत नाही, लोखंडी सांगाड्याला चिकटतो.

सालाचा सापळा

दुसऱ्या टप्प्यातील चक्रांवर सर्वसाधारणपणे ३ एप्रिल १८५५, ५ जुलै १८५९ आणि १८ डिसेंबर १८६० या तीन पेटंटांच्या तारखा आढळतात. त्यातील सर्वांत जुनी तारीख वाचून १८६५ मधील शस्त्र १८५५ चे म्हणून विकले जाते. वास्तविक १८५५ मध्ये स्मिथ अँड वेसनचे हे मॉडेल अस्तित्वातच नव्हते. पेटंटची तारीख ही केवळ पूर्वमर्यादा दाखविते. त्यातही सर्वांत अलीकडची तारीख निर्णायक असते. शस्त्र किंवा निदान ती तारीख असलेला भाग तिच्यानंतरच तयार झालेला असतो. किती नंतर, हे त्या तारखेवरून कळत नाही.

मॉडेलच्या नावातील साल हा याचाच दुसरा प्रकार. मार्लिन कंपनीच्या 'ट्रिपल एक्स स्टँडर्ड १८७२' या रिव्हॉल्व्हरवरील साल मॉडेलचे आहे. ते मॉडेल त्यानंतरही अनेक वर्षे बनत राहिले.

अनुक्रमांकामुळे किंमत वाढते, तेथे फसवणुकीचा मोहही वाढतो. ०.३२ इंची 'मॉडेल क्रमांक २' हे १८६१ ते १८७४ या काळात सुमारे ७७ हजारांच्या संख्येने बनले. अमेरिकी यादवी युद्धात अनेक अधिकाऱ्यांनी आणि सैनिकांनी ते स्वखर्चाने विकत घेतले होते. सुमारे ३५ हजारांच्या आतील क्रमांक युद्धसमाप्तीपूर्वीचे मानले जातात. त्यामुळे अशा क्रमांकांना अधिक भाव मिळतो. भिंगातून पाहताना आकड्यांभोवतीचा धातू खोलगट दिसला, अंकांची ठेवण परस्परांशी जुळली नाही किंवा गंजाच्या खड्ड्यांवरून ठसा उमटलेला दिसला, तर क्रमांक नंतर बदलला असल्याचा संशय घ्यावा लागतो. नळी, चक्र आणि मुठीखालील सांगाडा यांवरील जुळणीच्या खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्यास भाग मूळचे आहेत किंवा नाहीत, हे कळते. कारखान्याच्या जुन्या नोंदी तपासून शस्त्र कोठे व केव्हा पाठविले गेले याचे पत्र देण्याचे काम स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन करते.

नाव नसलेली शस्त्रे

१८६९ नंतर चापाभोवती कडे नसलेली, स्वस्त, खिशात मावणारी रिव्हॉल्व्हर मोठ्या प्रमाणावर निघाली. त्यांच्या हलक्या दर्जामुळे विसाव्या शतकात संग्राहकांनी त्यांना 'सुइसाइड स्पेशल' असे उपरोधिक नाव दिले. त्यांवर बहुधा कारखान्याचे नाव नसून 'डिफेंडर', 'ब्लू जॅकेट' यांसारखी व्यापारी नावे असत. अशा वेळी सांगाड्याची घडण, चक्राची धुरी अडकविण्याची पद्धत आणि मुठीवरील नक्षी यांची तुलना ज्ञात नमुन्यांशी करणे हाच मार्ग उरतो. कोल्टच्या शस्त्रांची ओळख मात्र सोपी आहे. चार पाकळ्यांच्या चक्राचे 'क्लोव्हरलीफ' १८७१ पासून, तर 'न्यू लाइन' मालिका १८७३ पासून निघाली.

युरोपीय शस्त्रांवर परीक्षणगृहांचे छाप मदतीला येतात. बेल्जियममधील लिएज येथील लंबवर्तुळातील 'ईएलजी' अक्षरांवर १८९३ पासून मुकुट आला. मुकुट नसेल तर परीक्षण त्यापूर्वीचे ठरते. अमेरिकेत अशी शासकीय परीक्षणगृहे नसल्याने तेथील शस्त्रांवर हे छाप मुळात नसतात. ते आढळल्यास शस्त्र युरोपात विकले गेले असावे, असा तर्क करता येतो.

सुरक्षितता आणि कायदा

कोणतेही जुने शस्त्र हाती घेताना ते भरलेले आहे असेच समजावे. शतकभरापूर्वीचे काडतूसही पेट घेऊ शकते. आजचे ०.२२ इंची शॉर्ट काडतूस 'मॉडेल क्रमांक १' मध्ये बसू शकते. परंतु ते शस्त्र काळ्या दारूच्या कमी दाबासाठी बनले आहे. आधुनिक काडतुसाने ते फुटण्याचा धोका असतो. पॉलिश कागदाने घासून चकचकीत करणेही टाळावे. त्याने जुना रंग, मुलामा आणि छाप पुसले जातात आणि कालनिश्चितीचा पुरावाच नष्ट होतो. मऊ कापड आणि तेलाचा हलका हात पुरेसा असतो.

कायद्याची मर्यादा देशागणिक बदलते. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे पुरातन गणली जातात; राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये २०२१ च्या नियमांनुसार १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची निर्मिती आणि काडतुसाचा प्रकार या दोन्हींचा विचार होतो.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाने १२ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेद्वारे 'क्युरिओ' वर्गातील लहान शस्त्रे मिळविण्यासाठी व बाळगण्यासाठी भारतीय नागरिकांना परवान्याची गरज नसल्याचे स्पष्ट केले. मात्र ती वापरणे, सोबत नेणे किंवा त्यांची वाहतूक करणे यांसाठी परवाना आवश्यक आहे. परदेशातील लिलावात खरेदी केलेले शस्त्र देशात आणण्यासाठी शस्त्र कायद्यानुसार आयातीचा परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी, पुरावस्तू ठरणारी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही, असे १९७२ चा पुरावस्तू कायदा सांगतो.

वडिलोपार्जित घरात असे शस्त्र सापडल्यास ते स्वतः उघडण्याचा, घासण्याचा किंवा विकण्याचा प्रयत्न करू नये. ते कोणत्या वर्गात मोडते याची खात्री जिल्हाधिकारी कार्यालयातील अथवा पोलीस आयुक्तालयातील परवाना प्राधिकरणाकडून करून घेणे आवश्यक आहे. त्यावर कोरलेल्या सालावरून स्वतःच निष्कर्ष काढणे हा त्याला पर्याय ठरू शकत नाही.