फिरत्या घरातील ऊब आणि तिची परीक्षा

कॅनडाच्या वायव्येस युकॉन नावाचा विस्तीर्ण व विरळ वस्तीचा प्रदेश आहे. तेथील स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी शून्याखाली ६३ अंश सेंटिग्रेड इतकी थंडी नोंदली गेली. पारा शून्याखाली ३९ अंशांवरच गोठतो. तेव्हा त्या दिवशी पाऱ्याच्या उष्णतामापकाचाही तेथे काही उपयोग नव्हता. याच प्रदेशातून १९४२ साली बांधलेला अलास्का महामार्ग जातो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण अक्षरशः खरी करणारे हौशी प्रवासी आज या मार्गाने आणि दक्षिणेकडील रॉकी पर्वताच्या घाटांतून हिंडत असतात. स्नॅगच्या थंडीत सहसा कोणी मुक्काम करीत नाही. परंतु शून्याखाली पंधरा-वीस अंशांची रात्र ही त्या बाजूच्या हिवाळ्यात मुळीच नवलाची गोष्ट नव्हे.

हे बिऱ्हाड म्हणजे पिकअप ट्रकच्या मागील उघड्या हौद्यावर बसविलेली एक खोली होय. निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी, सर्व काही जेमतेम तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद जागेत सामावलेले असते. भिंती पातळ, आतील हवा थोडी, आणि इंधन व वीज बरोबर नेली असेल तेवढीच. अशा खोल्यांत बहुधा प्रॉपेन वायूवर चालणारी भट्टी असते व पंखा तिची गरम हवा आत फेकतो. या पंख्याचा आवाज झोप मोडतो, तो बॅटरीतील वीजही भराभर संपवितो, आणि ऊब भट्टीच्या तोंडाशी पुष्कळ पण कोपऱ्यांत नाही, असा प्रकार होतो. कोपऱ्यातून जाणारी पाण्याची नळी मग गोठून फुटते. म्हणून हातचे कसब असलेले काही मालक स्वतःच एक निराळी योजना उभारतात. तिला हायड्रॉनिक, म्हणजे उष्णजलावर चालणारी तापनयोजना, असे म्हणतात.

तिचे तत्त्व मराठी घरांना अपरिचित नाही. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात मध्यभागी विस्तव व भोवती पाणी असते. धूर वर निघून जातो आणि ऊब पाण्यात उतरते. या योजनेतही डिझेलवर किंवा वायूवर जळणारा लहानसा बॉयलर हे काम करतो. फरक एवढाच की येथे तापलेले पाणी बाहेर काढून घ्यावयाचे नसते. एक छोटा पंप ते नळ्यांतून खोलीभर फिरवितो, पातळ पत्र्यांचे पंख बसविलेल्या तांब्याच्या नळ्यांतून त्याची उष्णता हवेत जाते, आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. उष्णता वाहून नेण्यास पाण्यासारखा हमाल नाही: एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. म्हणूनच बोटभर जाडीची नळी येथे पुरते.

मात्र निव्वळ पाणी घातल्यास ते गोठेल. यास्तव त्यात सुमारे निम्मे प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळतात. हे मिश्रण शून्याखाली तीस अंशांच्याही पलीकडे टिकाव धरते. मोटारीच्या रेडिएटरमधील एथिलीन ग्लायकॉल स्वस्त खरे. पण ते चवीला गोड व प्रकृतीला विषारी असते. जेथे पिण्याचे पाणी हातभर अंतरावर आहे, तेथे ते न वापरणे हेच शहाणपणाचे.

योजना उभारली, विस्तव पेटला, नळ्या गरम झाल्या, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. परंतु खरी परीक्षा तेथून पुढेच सुरू होते, आणि ती क्रमाने व्हावी लागते.

पहिली परीक्षा गळतीची. मिश्रण भरण्यापूर्वी बॉयलर वेगळा ठेवून नळ्यांत बेताच्या दाबाची हवा भरतात व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय हे पाहतात. दाबमापक रात्रभर लावून ठेवला असता एक फसगत संभवते. वातावरणाहून एक पट अधिक दाबाची हवा वीस अंशांवरून शून्यावर आली, तर कोठेही गळती नसताना मापकाचा काटा १ वरून ०·८६ वर उतरतो. तेव्हा दाबाबरोबर उष्णतामानही टिपून ठेवले पाहिजे. नाहीतर निर्दोष सांधे उगाच उकलले जातात.

दुसरी परीक्षा अभिसरणाची. नळीच्या उंच वळणात हवेचा फुगा अडकला तर पंप फिरत राहतो, पण पाणी पुढे सरकत नाही. म्हणून सर्वांत उंच जागी हवा सोडण्याची तोटी हवी. तापल्यावर मिश्रण सुमारे चार टक्क्यांनी फुगते. त्याला जागा देणारी लहान टाकीही हवीच.

तिसरी परीक्षा उष्णतेच्या हिशेबाची. योजना कडाक्याच्या थंडीत पुरेल किंवा नाही हे कळण्यासाठी त्या थंडीत जाण्याची आवश्यकता नाही. घराच्या अंगणातही ते काढता येते. खोलीतून बाहेर जाणारी उष्णता आतील व बाहेरील उष्णतामानांच्या अंतराच्या प्रमाणात असते. समजा, बाहेर ५ अंश असताना आत २० अंश स्थिर राहिले. मिश्रण मिनिटाला २ लिटर फिरत आहे, आणि खोलीत शिरताना व बाहेर पडताना त्याच्या उष्णतामानात ६ अंशांचा फरक पडतो. या मिश्रणाच्या एका लिटरला एका अंशामागे सुमारे ३·७ किलोज्यूल उष्णता लागते. त्यावरून खोलीला सुमारे ७४० वॅट मिळत आहेत, म्हणजे अंतराच्या दर अंशास ४९ वॅट. बाहेर शून्याखाली १५ अंश झाल्यास अंतर ३५ अंशांचे, व गरज सुमारे १७०० वॅटांची. वाऱ्याने ही गरज वाढते, म्हणून बॉयलर त्याहून सबळ हवा.

याच आकड्यांवरून इंधन निघते. दहा तासांच्या रात्रीस १७ किलोवॅट-तास उष्णता लागेल; एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास असतात व त्यांपैकी ८ हाती लागले असे धरल्यास दोन लिटरांहून थोडे अधिक डिझेल पुरते. विजेची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. पंप व बॉयलर मिळून सरासरी ४० वॅट घेत असतील, तर रात्रीस ४०० वॅट-तास होतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर १२०० देते; त्यांपैकी निम्मेच वापरणे हितावह, आणि थंडीत तिची शक्ती आणखी बरीच घटते. इंधन शिल्लक असूनही पहाटे पंप थांबतो तो यामुळेच.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ही दुर्वार्ता वारंवार कानी येते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. म्हणून बॉयलरला जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून यावी, धूर बाहेरच जावा, आणि त्या वायूची सूचना देणारी घंटा बिछान्याजवळ असावी. कोलोरॅडोतील लेडव्हिल हे गाव सुमारे ३१०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच असतो. सखल प्रदेशात स्वच्छ जळणारी ज्योत तेथे काजळी धरते. यास्तव चढणीवर गेल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

याच ओघात बॉयलर पेटता असताना, बाहेर उभे राहून, पंप मुद्दाम बंद करून पाहतात. अतितापरोधक यंत्राने विस्तव आपोआप विझविला पाहिजे आणि वाढता दाब सोडणारी झडप जागेवर असली पाहिजे. ज्या योजनेत हे घडत नाही, ती कितीही ऊब देवो, तिच्याजवळ निजू नये.

पाणी तापविणे हे मनुष्याने फार पूर्वी साधले आहे. त्यात आता मोठे कौशल्य उरलेले नाही. घरी बनविलेल्या यंत्राचा विश्वास त्याच्या उबेवर नव्हे, तर ते बिघडल्यावर कसे वागते यावर ठेवावयाचा असतो. तो बिघाड भर दुपारी, आपल्या अंगणात, शेजारी हाकेच्या अंतरावर असताना मुद्दाम घडवून पाहिला, म्हणजे निर्जन घाटातील मध्यरात्री झोपलेल्या कुटुंबाला त्याची परीक्षा द्यावी लागत नाही.