कासवीचा मुक्काम

आमचं घर वेस्ट मांबलममध्ये, लेक व्ह्यू रोडपासून चार पावलांवर. लेक व्ह्यू रोड म्हणजे जिथून तळं दिसतं तो रस्ता. नात आली त्याच संध्याकाळी गच्चीवर गेली, चारी दिशांना पाहून खाली आली आणि म्हणाली, "आजोबा, तळं कुठाय?"

मी म्हटलं, "सांगतो. पण आधी दुसरी एक गोष्ट. ती झाली की तळ्यावर येऊ."

मुलगी गुहागरला दिलेली. मुलांच्या परीक्षा संपल्या आणि एप्रिलच्या शेवटी चौघंही अंदमानला निघाली. 1911 साली सावरकरांना मद्रासहूनच 'महाराजा' बोटीने तिकडे नेलं होतं. ते सेल्युलर जेल मुलांना दाखवायचं, हे मुलीच्या मनात किती वर्षांपासून होतं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, बोटीने अडीच-तीन दिवस लागतात. बोट सुटायला मध्ये एक दिवस होता. तो आम्हा म्हाताऱ्यांच्या वाट्याला आला.

सकाळी अयोध्या मंडपमजवळची फिल्टर कॉफी, मग कपालीश्वराचं देऊळ, मरीनाचा दीपस्तंभ. उन्हं कलल्यावर रिक्षा करून बेझंटनगरच्या किनाऱ्यावर गेलो. गुहागरच्या मुलांना समुद्राचं काय नवल! पण नातू वाळूत उभा राहून मागेपुढे बघत राहिला. "आजोबा, आमच्याकडे सूर्य पाण्यात बुडतो. इथे घरांच्या मागे बुडतोय."

"नीट पाहिलंस," मी म्हटलं. "तुमचा किनारा मावळतीचा, आमचा उगवतीचा. हे लक्षात ठेव, रात्री लागेल."

किनाऱ्यावर कुंपण घातलेली एक जागा आहे. आत वाळूत ओळीने अंडी पुरलेली. 1988 पासून चेन्नईतले विद्यार्थी हे काम करत आले आहेत. स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क हे त्यांच्या संस्थेचं नाव. जानेवारीपासून रात्र-रात्र हे लोक वाळूतून चालतात, मादीच्या पावलांचा माग काढतात आणि कुत्र्यांनी उकरायच्या आत अंडी इथे आणून तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. शेजारच्या मामी त्यांना 'पंगुनी आमै' म्हणतात. आमै म्हणजे कासव आणि पंगुनी हा तमिळ वर्षाचा शेवटचा महिना, आपल्या फाल्गुन-चैत्राच्या आसपासचा. अंडी घालायला येतात ती याच सुमारास, म्हणून ते नाव.

अंधारून आलं तशी एका मुलाने टोपली आणली. आत पिल्लांची नुसती वळवळ. एकेक पिल्लू पेढ्याएवढं, काळसर, अंगाला वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोडी अलीकडे टोपली कलती केली, तशी ती बाहेर सांडली. क्षणभर थबकली, माना वर केल्या आणि मग वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या ठशात उतरलं. त्याच्या मानाने ती दरीच. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा काठावर आलं आणि पुन्हा त्याच दिशेने चालू लागलं. नातवाने हात पुढे केला; कार्यकर्त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"थेट पाण्यातच का नाही सोडत?" त्याने विचारलं.

"कारण या चार पावलांतच पिल्लांची किनाऱ्याशी ओळख पक्की होते, असं मानतात. ती ओळख उचलून नेण्यात पुसली गेली तर?"

"आणि तो दादा विजेरी घेऊन पाण्यात का उभा आहे?"

"लाखो वर्षं रात्री उजळ दिशा एकच होती, समुद्राची. पाण्यावर चांदण्याचा उजेड, जमिनीवर झाडांचा काळोख. पिल्लांच्या अंगात तेवढंच गणित आहे: उजेडाकडे चाला. आता मागे बघ."

मागे रस्त्याचे दिवे होते, हॉटेलं होती, गाड्या होत्या. सगळा उजेड जमिनीवर. विजेरी धरली नसती तर निम्मी पिल्लं रस्त्याकडे गेली असती.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर चटया टाकल्या. खाऱ्या वाऱ्याची झुळूक येत होती. मी गोष्ट सुरू केली.

"आपल्याकडे संत म्हणत आले, कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते. कल्पना किती मायेची! पण खरी कासवी मागे वळूनही बघत नाही. रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि अंग डोलवून डोलवून ती दाबते. तासाभरात परत पाण्यात. डोळ्यांतून पाणी वाहत असतं. ते रडणं नाही; शरीरातलं जास्तीचं मीठ ती तसं बाहेर टाकते. पिल्लं वाढवते ती वाळूची ऊब. वाळू साधारण तीस अंशांच्या वर राहिली तर बहुतेक मुली होतात, त्याखाली राहिली तर मुलगे. आणि नर एकदा पाण्यात शिरला की जन्मात पुन्हा जमिनीवर येत नाही. येते ती फक्त आई, तीही तासाभरासाठी. तुम्ही इथे एक दिवस मुक्काम केलात ना, तसा तिचा मुक्काम एका तासाचा."

"आता तुमच्या गावची गोष्ट ऐका. मार्च 2021 मध्ये ओडिशात, गहिरमाथाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पायाला धातूची पट्टी लावली. आकडा 03233. पुढे जवळजवळ चार वर्षं तिचा पत्ता नाही. आणि 27 जानेवारी 2025 च्या रात्री तीच मादी अंडी घालायला वर आली. कुठे, सांगा?"

दोघं गप्प.

"गुहागरला."

नात ताडकन उठून बसली. "आमच्या?"

"तुमच्या. अंडी 120. आता विचार कर, ओडिशातून गुहागरला ती आली कशी? तुम्ही गाडीत बसून देश आडवा ओलांडलात. तिला तो रस्ता नाही. उगवतीच्या समुद्रातून खाली उतरायचं, देशाच्या टोकाला वळसा घालायचा आणि मावळतीच्या समुद्रातून वर चढायचं. निदान साडेतीन हजार किलोमीटर. मधे आपलं चेन्नई लागणारच. कुठल्या तरी रात्री ती या किनाऱ्यासमोरून गेली असणार. उलटी वाटही आहे बरं. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरलाच 'बागेश्री' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं. ती केरळवरून खाली उतरली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली."

"पण रस्ता चुकत कशी नाही?" नातू.

"त्याआधी एका बाटलीची गोष्ट. सतीश भास्कर नावाचे एक गृहस्थ या मद्रासचेच. कासवं शोधत त्यांनी देशाचे हजारो किलोमीटर किनारे पायी पालथे घातले; तुम्ही निघालात त्या अंदमानचेही. 1982 च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपच्या सुहेली बेटावर एकटे राहिले होते. बोटी बंद. बायकोला पत्र लिहिलं, बाटलीत घातलं आणि समुद्रात सोडलं. ती बाटली श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडली आणि त्या भल्या माणसाने पत्र पोस्टाने मद्रासला धाडलं. पण बाटलीला ठाऊक नव्हतं कुठे जायचं. पाण्याने नेलं तिकडे ती गेली. कासवीला ठाऊक असतं."

मी आजीकडून शिवणाची सुई घेतली. बरोबर मध्यावर दोरा बांधला, सुई आडवी तोलून मेणाच्या थेंबाने गाठ पक्की केली. मग लोहचुंबकावर एकाच दिशेने तीस वेळा घासली आणि दोरा वाळत घालायच्या बांबूला टांगला. सुई गरगरली, लोंबकळली, शेवटी उत्तर-दक्षिण ठरली.

"होकायंत्र!" नातू म्हणाला.

"हो. पण आणखी बघ. जवळजवळ आडवी आहे ना? पृथ्वीच्या पोटातल्या चुंबकाच्या रेषा आपल्या देशाच्या दक्षिण टोकाकडे जमिनीला समांतर धावतात. 1963 साली पहिलं रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं ते ही जागा त्या रेषेजवळ म्हणूनच. तिथून उत्तरेला जावं तशा त्या रेषा जमिनीत घुसू लागतात आणि सुईचं उत्तरेचं टोक खाली झुकतं. इथे अगदी किंचित, गुहागरला त्याहून पुष्कळ. शिवाय या चुंबकाचा जोरही जागोजाग वेगळा. म्हणजे झुकाव आणि जोर मिळून प्रत्येक किनाऱ्याचा एक पत्ता होतो. केनेथ लोहमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने लॉगरहेड जातीची पिल्लं टाकीत ठेवली आणि भोवतीचं चुंबकत्व बदललं. पिल्लांनी पोहायची दिशा बदलली! पत्ता वाचायची विद्या ती जन्मतःच घेऊन येतात."

नात विचारात पडली होती. "आजोबा, कासवी जन्मली तिथेच परत येते म्हणतात. मग त्या 03233 चं घर कुठलं? ओडिशा की गुहागर?"

या प्रश्नाने मी सुखावलो. "शास्त्रज्ञांनीही हेच विचारलं. दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं धरून चालत होते. या एका मादीने तो समज हलवला. दोन्हीकडे तिने अंडी घातली. मला वाटतं, तिला विचारलंस तर ती म्हणेल, तुम्ही नावं वेगळी दिलीत, किनारा एकच आहे."

मग जे सांगावंसं वाटत नव्हतं तेही सांगितलं. ज्या जानेवारीत ती गुहागरला सुखरूप पोचली, त्याच जानेवारीत चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवं वाहून आली. कासवाला माशासारखे कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. श्वास घ्यायला वर यावं लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की ते पाण्यात असून बुडून मरतं. जाळ्याला कासवापुरती सुटकेची खिडकी ठेवता येते, तशी जाळी निघालेली आहेत. ती सगळ्यांनी वापरली पाहिजेत.

"हजारो किलोमीटर पोहण्याची ताकद तिच्यात आहे," मी म्हटलं. "आपण काही तिला पोहायला शिकवायला नको. तिला आपल्याकडून हवं ते एवढंच: जाळ्याबाहेरची वाट आणि तासभर अंधारी, निवांत वाळू. प्रवास तिचा, मुक्काम आपण राखायचा. आता तुझं तळं. इथे मांबलमला लांबच लांब तळं होतं. 1920 च्या दशकात ते आटवून, बुजवून रुळांपलीकडचं टी. नगर वसवलं. तळं गेलं, रस्त्याचं नाव उरलं. 2015 च्या डिसेंबरात पूर आला तेव्हा याच गल्ल्यांतून गुडघाभर पाणी वाहिलं. पाणी आपली जुनी जागा शोधत आलं होतं."

ती काही बोलली नाही. सकाळी बंदरावर निघताना नातवाने सुई-दोरा कंपासपेटीत घातला. "बोटीवर नको लावूस," मी बजावलं, "भोवती सगळं लोखंड. गुहागरला अंगणात लाव."

मे महिन्याच्या मध्यावर फोन आला. आधी नातवाचा आवाज: "आजोबा, झुकली! उत्तरेचं टोक खाली गेलं. इथे दिसतं चांगलं!"

मग नात फोनवर आली. "आजोबा, लांबून येणाऱ्या पक्ष्यांनाही अशी सुई असते का?"

"पुष्कळांना असते."

"मग ते अजून मांबलमचं तळं शोधत येत असतील?"

मी गच्चीवर होतो. बांबूला आजीने दुसरी सुई टांगून ठेवली आहे, ती तशीच आडवी, स्थिर. खाली लेक व्ह्यू रोडवर दिवे लागले होते.

"तळं पाहिलेल्या पक्ष्यांच्या किती पिढ्या सरल्या, बाळा," मी म्हटलं. "पण इथून दक्षिणेला पल्लीकरणै नावाची दलदल अजून शिल्लक आहे. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. पूर्वीच्या मानाने थोडीच उरली आहे, तरी हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात. नाताळच्या सुटीत ये. पहाटे दोघं जाऊ आणि कोण कोण मुक्कामाला आलंय ते मोजू."