पहिली कादंबरी लिहून झाली, आता एजंट हवा का? पैसे भरण्याआधी हे वाचा

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने दोन वर्षे खपून इंग्रजीत कादंबरी लिहिली. नोकरीवरून यायची, घरातले सगळे झोपले की लिहायला बसायची. कादंबरी पूर्ण झाली आणि एक फोन आला. "आम्ही लिटररी एजंट आहोत. मोठ्या प्रकाशकाकडे तुमचं पुस्तक लावून देतो. आधी चाळीस हजार भरा." अम्मी बांगड्या मोडायला तयार झाली. पैसे भरायच्या आदल्या दिवशी मुलीने आम्हाला विचारलं. आम्ही म्हणालो, थांब. का थांब म्हणालो, ते इथे सांगतो. आपल्या घराघरांत आता मुलं-मुली लिहू लागली आहेत, त्यांना उपयोग होईल.

एजंट म्हणजे कोण?

लिटररी एजंट हा लेखकाचा प्रतिनिधी असतो. तो हस्तलिखित वाचतो, सुधारणा सुचवतो, योग्य प्रकाशक शोधतो आणि कराराची बोलणी करतो. अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्कही तोच पाहतो. त्याचा मोबदला लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून जातो, साधारण १५ टक्के. परदेशातल्या हक्कांवर साधारण २० टक्के. म्हणजे प्रकाशकाने १ लाख रुपये दिले, तर १५ हजार एजंटचे आणि ८५ हजार लेखकाचे. पुस्तक कोणी घेतलंच नाही, तर एजंटलाही काही मिळत नाही.

खरा एजंट ओळखायचा तो यावरूनच. वाचण्याची फी, नोंदणीची फी, 'पॅकेज' अशा नावांनी जो आधीच पैसे मागतो, त्याची कमाई पुस्तकावर नसते, लेखकावर असते.

मराठीत लिहीत असाल तर?

मराठीत एजंटची पद्धत जवळजवळ नाही. लेखक थेट प्रकाशकाला पत्र लिहितो, हस्तलिखित पाठवतो. पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी जरूर करा. इंग्रजीतही भारतातले काही प्रकाशक लेखकाकडून थेट हस्तलिखित घेतात. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांकडे मात्र बहुधा एजंटमार्फतच जावं लागतं. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून डेव्हिड गॉडविन हे एजंट लंडनहून थेट दिल्लीला आले होते. त्याच कादंबरीला १९९७ चा बुकर मिळाला.

एजंटला काय पाठवायचं?

कादंबरी आधी पूर्ण करा. नव्या लेखकाची अर्धी कादंबरी सहसा कोणी घेत नाही. मग तीन गोष्टी तयार ठेवा.

१. एक पानाचं पत्र. कादंबरीचं नाव, प्रकार, शब्दसंख्या, एका परिच्छेदात कथा आणि दोन ओळींत स्वतःची ओळख.

२. कथेचा सारांश, एक-दोन पानांचा. यात शेवटही सांगायचा, लपवायचा नाही.

३. पहिली तीन प्रकरणं.

प्रत्येक एजंटच्या वेबसाइटवर त्याला काय हवं ते लिहिलेलं असतं, तेवढंच पाठवा. तो कुठल्या प्रकारची पुस्तकं घेतो, त्याच्या लेखकांची कोणती पुस्तकं बाजारात आहेत, हेही तपासा. एका वेळी पाच-सहा जणांना पाठवायला हरकत नाही. उत्तराला दोन-तीन महिने लागू शकतात, कधी येतही नाही. नकार आला म्हणून वही मिटू नका. 'हॅरी पॉटर'च्या पहिल्या पुस्तकालाही, हाताशी एजंट असताना, अनेक प्रकाशकांनी नकार दिला होता.

सही करण्याआधी

कादंबरी लिहिली त्या क्षणापासून तिचा कॉपीराइट लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करारात 'कायमचे, जगभरासाठी' असं लिहिलं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर तेच लागू होतं. म्हणून करार घरी आणा, दोनदा वाचा, शक्य असेल तर ओळखीच्या वकिलाला दाखवा. एजंटशी करार करताना तो मोडायचा कसा, हेही लिहून घ्या.

त्या मुलीने नंतर सहा एजंटांना पत्रं पाठवली. तिघांनी नकार दिला, दोघांचं उत्तरच नाही. एकीने पूर्ण कादंबरी मागवली आहे, पैसे मागितलेले नाहीत. पुढे काय होईल ते होईल. अम्मीच्या बांगड्या अजून अम्मीच्या हातातच आहेत.

आई-वडिलांना आमची एकच विनंती. मूल लिहीत असेल तर त्याला पैशांआधी वेळ द्या. आणि लिहिणाऱ्यांनो, तुमच्या पुस्तकासाठी पैसे प्रकाशकाकडून तुमच्याकडे आले पाहिजेत. उलटे जाऊ लागले की थांबा आणि कुणाला तरी विचारा.