भगरीच्या विषबाधेचा माग हरवतो कुठे?

बुलढाणा : २० फेब्रुवारी २०२४ रोजी माघातील एकादशी होती. लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहाची सांगता होत होती आणि रात्री जमलेल्या भाविकांना भगर व आमटीचा प्रसाद वाटण्यात आला. त्याच रात्री अनेकांना मळमळ, उलट्या व पोटदुखीचा त्रास सुरू झाला. बिबी येथील ग्रामीण रुग्णालयात रुग्णांचा एवढा लोंढा आला की खाटा संपल्या. बाहेर मोकळ्या जागेत रुग्णांना झोपवून, झाडांना दोर बांधून त्यावर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. बाधितांची संख्या प्रशासनाने दोनशेच्या आसपास सांगितली, तर काही बातम्यांत ती पाचशेपर्यंत गेली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्याच दिवशी घरी परतले.

दोरावर लटकणाऱ्या सलाइनची छायाचित्रे देशभर गेली आणि चर्चा ग्रामीण आरोग्यसेवेच्या दुरवस्थेवर झाली. ती रास्तच होती. मात्र अन्नात नेमके काय होते आणि ते आधी कोणी तपासायला हवे होते, हा दुसरा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

संशयाची सुई प्रथम भगरीकडे वळते, त्यास कारण आहे. नवरात्र, महाशिवरात्रीच्या सुमारास राज्यात भगरीपासून विषबाधा झाल्याच्या बातम्या नेमाने येतात. भगरीवर ‘अस्परजिलस’ जातीच्या बुरशीची वाढ होऊ शकते आणि तिच्यातून ‘फ्युमिगाक्लेविन’सारखी विषद्रव्ये तयार होतात, असे अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनांत वारंवार सांगितले जाते. महाराष्ट्रातील उष्मा व दमटपणा या बुरशीला मानवतो. दाण्यापेक्षा दळलेल्या पिठात ओलावा लवकर शिरतो. म्हणून भगरीचे पीठ सुटे घेऊ नये, दळणही लागेल तेवढेच करावे, असा सल्ला दिला जातो. बुरशीची अनेक विषद्रव्ये शिजवल्यानेही नष्ट होत नाहीत, ही बाब गृहिणींना आवर्जून सांगण्याजोगी आहे. ‘चांगले उकळले होते’ हा बचाव येथे पुरेसा ठरत नाही.

तथापि, भगर हा केवळ एक संशयित झाला. शेकडो माणसांसाठी शिजवलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिले, तर ‘बॅसिलस सिरियस’ वा ‘स्टॅफिलोकॉकस’ या जिवाणूंची विषे त्यात तयार होतात आणि एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. ‘साल्मोनेला’ असेल तर लक्षणांना सहसा अधिक वेळ लागतो आणि तापही येतो. स्वयंपाकाचे पाणी दूषित असणे ही शक्यता वेगळीच. त्यामुळे कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्रास कधी सुरू झाला आणि ज्यांनी खाऊनही त्रास झाला नाही त्यांनी काय टाळले होते, ही चौकशी प्रयोगशाळेइतकीच मोलाची असते. रुग्णांची रीघ लागलेल्या रात्री ती करणार कोण, हाच पेच आहे.

नमुन्यांचे तर आणखी अवघड. पंगत संपली की भांडी घासली जातात आणि उरलेसुरले अन्न जनावरांना जाते. अधिकारी पोहोचेपर्यंत हाती लागतो तो दुकानातील वा पोत्यातील कच्चा माल. तो निर्दोष निघाला तरी शिजलेल्या अन्नाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय जिवाणूंच्या तपासणीसाठी नमुना थंड ठेवून वेळेत पोहोचवावा लागतो. अन्न सुरक्षा कायद्यानुसार विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल येईतो रुग्ण शेतात कामाला गेलेले असतात आणि बातमीही शिळी झालेली असते.

सुट्या भगरीचा माग काढणे हे तर स्वतंत्र दिव्यच. नाशिक हे भगर गिरण्यांचे मोठे केंद्र आहे. तेथून माल ठोक व्यापाऱ्याकडे, मग तालुक्याच्या किराणा दुकानात आणि शेवटी पोत्यातून कागदी पुडीत येतो. पाकिटावर निदान उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक असतो. पुडीवर काहीच नसते.

आता कायद्याची बाजू. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन ‘अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६’ हा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. जुन्या कायद्याचा सारा रोख भेसळीवर होता. नव्या कायद्याने स्वच्छता, साठवण, पाणी, कामगारांचे आरोग्य यांनाही तपासणीच्या कक्षेत आणले. उपाहारगृहात त्रुटी आढळल्यास आधी सुधारणा नोटीस आणि दाद न दिल्यास परवाना निलंबन, अशी पायरी आहे. खामगाव वा शेगावच्या बसस्थानकाजवळील हॉटेलचा गल्ला, परवाना आणि भटारखाना एकाच जागी असतो. निरीक्षकाला तो सापडतो.

सप्ताहाचा भटारखाना मात्र दोन दिवस उभा राहतो आणि नाहीसा होतो. तो कायद्याबाहेर आहे, असा अनेकांचा समज असला तरी तो चुकीचा आहे. २०११ च्या नियमावलीत धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांचा समावेश लहान अन्न व्यावसायिकांत केला आहे आणि त्यांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. अन्नामुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद असलेल्या ६५ व्या कलमातही विक्रीबरोबर ‘वितरण’ हा शब्द आहे. पण वर्गणी गावाची, आचारी गावातला आणि वाढपी शेजारचीच मुले. तक्रार करायची कोणाविरुद्ध?

याच जिल्ह्यातील दुसरे प्रकरण याहून गुंतागुंतीचे ठरले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील गावांमध्ये अचानक केसगळती सुरू झाली. अवघ्या काही दिवसांत टक्कल पडू लागले. १८ गावांतील २७९ जणांना त्रास झाल्याची नोंद झाली. आधी पाण्यावर, मग त्वचेच्या बुरशीवर संशय गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा संबंध रेशनच्या, पंजाबातून आलेल्या गव्हाशी जोडला. तो गहू कुजलेला नव्हता, त्याला वासही नव्हता. भटारखान्यातील झुरळे मोजणाऱ्या तपासणीला अशा धान्यात काहीही आढळले नसते.

मोठ्या पंगतीच्या आयोजकांनी काही साध्या गोष्टी केल्या तरी तपासाचा दोर हाती राहतो. धान्य पाकीटबंद घ्यावे आणि पावती व रिकामी पाकिटे जपावीत. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्याचे शुद्धीकरण करावे. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, शक्य तर फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवावी. शालेय पोषण आहारात असा नमुना ठेवण्याची पद्धत आहेच. अन्नाविषयीच्या तक्रारींसाठी अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ हा आहे.