चाकांवरचे घर आणि समुद्राची भरती

गाडीतच झोपायची जागा, शेगडी आणि पाण्याची टाकी. असे हे चाकांवरचे घर. याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. शनिवार-रविवारी अशी गाडी घेऊन लोक कोकण किनाऱ्याला जातात. खुशाल जावे, पण गाडी वाळूत उतरवू नये. का बरे?

ओली वाळू वरून टणक दिसते. पण जड गाडीची चाके तिच्यात रुततात. चाक जितके फिरवावे तितके ते खोल जाते. तेवढ्यात भरती आली, की गाडी पाण्यात!

भरती दिवसातून दोनदा येते. रोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिची वेळ काढायला किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढते.

म्हणून गाडी उंच, पक्क्या जागी ठेवा. वाळूवर पायी फिरा. पाण्यात शिरण्याआधी गावच्या कोळीदादांना विचारा. गाडी वाचेल, जीवही वाचेल.