पांच तारकांची साक्ष

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हां आमच्या एका विद्यार्थ्यानें एक लहानशी चिठ्ठी आम्हांस आणून दाखविली. त्यानें मोबाइलवरून मागविलेल्या बुटांच्या खोक्यांत ती निघाली होती. पांच तारे द्यावेत, त्याचें छायाचित्र पाठवावें आणि 100 रुपये परत घ्यावेत, असा तिचा मजकूर होता. बूट त्यानें अद्यापि पायांत घातलेहि नव्हते. "सर, असें लिहिणें योग्य होईल काय ?" एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां आलें असतें. परंतु या तारकांचा व्यवहार कसा चालतो हें पुष्कळ घरांत ठाऊक नसतें, असें आम्हांस दिसून आलें. म्हणून तो विषय येथें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाजारांत मडकें घ्यावयाचें झाल्यास आपण तें बोटांनीं वाजवून पाहतों; तांदूळ तळहातावर घेऊन चोळतों; आंबा हुंगतों. दुकान नवें असेल तर शेजाऱ्यास विचारतों. ऑनलाइन दुकानाच्या बाबतींत यांपैकीं एकहि परीक्षा करितां येत नाहीं. दुकानदाराचें तोंड दिसत नाहीं, माल दिसतो तो चित्रांत, आणि पैसे तर पुष्कळदां आधींच द्यावे लागतात. अशा प्रसंगीं शेजाऱ्याची जागा अनोळखी ग्राहक घेतात. ते आपला अनुभव लिहितात व दुकानास एकपासून पांचपर्यंत तारे देतात. हे अनुभव एकत्र करून लोकांपुढें मांडणें, हाच कांहीं कंपन्यांचा व्यवसाय होऊन बसला आहे.

या व्यवसायाच्या दोन तऱ्हा आहेत. अमेरिकेंत 1996 सालीं निघालेल्या बिझरेट या कंपनीनें खुद्द खरेदी करणाऱ्यांसच गांठण्याची पद्धत पाडली. खरेदी पुरी होतांच ग्राहकापुढें कांहीं प्रश्न ठेवावयाचे व माल घरीं पोंचल्यावर पुन्हा त्याचें मत विचारावयाचें, असा तिचा क्रम होता. दुसरी तऱ्हा डेन्मार्कमध्यें 2007 सालीं पीटर होल्टेन म्यूलमान यांनीं स्थापिलेल्या ट्रस्टपायलट या कंपनीची. हिचें दार सर्वांस उघडें असतें. ज्यास दुकानाचा अनुभव आला, तो आपण होऊन येऊन लिहूं शकतो. दुकानदारहि आपल्या ग्राहकांस लिहिण्याचें आमंत्रण पाठवूं शकतो. 2021 सालीं या कंपनीचे भाग लंडनच्या शेअर बाजारांत विक्रीस आले.

दुकानाचे गुण ती कसे काढते, हें गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावें. सर्व तारकांची बेरीज करून मतांच्या संख्येनें भागावें, इतका सोपा तो हिशेब नाहीं. आजचें मत अधिक वजनाचें धरितात आणि मत जुनें होईल तसतसें त्याचें वजन उतरत जातें; कारण दोन वर्षांपूर्वीं चांगलें चाललेलें दुकान आजहि तसेंच असेल असें नाहीं. शिवाय प्रत्येक दुकानाच्या खात्यांत प्रत्येकीं साडेतीन तारकांचीं सात मतें आरंभींच गृहीत धरितात. समजा, एका नव्या दुकानास एकच मत मिळालें व तें पांच तारकांचें आहे. साध्या सरासरीनें त्याचे गुण पूर्ण 5 झाले असते. परंतु सात मतांचे साडेचोवीस आणि हे पांच मिळून साडेएकोणतीस होतात. त्यांस आठांनीं भागिलें असतां सुमारें 3.7 येतात. त्याच दुकानास पांच तारकांचीं शंभर मतें मिळालीं, तर याच रीतीनें गुण सुमारें 4.9 होतील. (येथें मतांच्या जुनेपणाचा विचार सोडून दिला आहे.) एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देऊं नये, हें व्यवहारांतील शहाणपणच या हिशेबांत उतरलें आहे.

आतां या व्यवस्थेची दुबळी बाजू पाहूं. लिहिणाऱ्यास येथें कांहीं द्यावें लागत नाहीं. कंपनीचें मुख्य उत्पन्न येतें तें दुकानदारांच्या वर्गणींतून. वर्गणी न देणाऱ्या दुकानाविषयींहि लोकांस लिहितां येतें, आणि वर्गणी दिली म्हणून प्रतिकूल मत पुसून टाकण्याचा अधिकार मिळत नाहीं, असा नियम आहे. तथापि ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच पैशानें परीक्षकाचें घर चालावें, ही स्थिति नाजूक खरीच. अशा कंपनीची सारी पुंजी म्हणजे लोकांचा विश्वास. तो एकदां उडाला कीं तिच्या तारकांस कवडीचीहि किंमत राहणार नाहीं. ही धास्तीच तिला पुष्कळ अंशीं सरळ मार्गावर ठेविते.

दुसरें संकट खोट्या मतांचें. कोणी स्वतःच्या दुकानाची स्तुति स्वतःच लिहितो, कोणी पैसे देऊन लिहवितो, कोणी शेजारच्या दुकानाची नालस्ती करितो. ट्रस्टपायलटनें 2023 या एका वर्षांत सुमारें 33 लाख खोटीं मतें काढून टाकलीं. आलेल्या एकंदर मतांच्या तीं सुमारें सहा टक्के होतीं. त्यांतील बहुतेक यंत्राच्याच साह्यानें हुडकून काढण्यांत आलीं.

अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं 2014 सालीं प्रसिद्ध केलेला एक निबंधहि येथें मननीय आहे. त्यांनीं हॉटेलांविषयींचीं मतें दोन ठिकाणचीं घेऊन ताडून पाहिलीं. एके ठिकाणीं खोली भाड्यानें घेतलेल्यासच मत देतां येई; दुसऱ्या ठिकाणीं कोणासहि देतां येई. ज्या हॉटेलांच्या शेजारीं लहान मालकाचें स्वतंत्र हॉटेल होतें, त्यांच्याविषयीं दुसऱ्या ठिकाणीं वाईट मतें प्रमाणाबाहेर आढळलीं. दार उघडें ठेविल्यानें प्रामाणिक साक्षीदार येतो, तसा कपटीहि येतो, असा याचा अर्थ.

सरकारांचें लक्षहि इकडे वळलें आहे. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनें 2022 च्या नोव्हेंबरांत ऑनलाइन ग्राहकमतें कशीं गोळा करावींत, तपासावींत व प्रसिद्ध करावींत याविषयीं आय. एस. 19000 हें मानक काढलें. मात्र तें पाळणें त्या वेळीं ऐच्छिक ठेवण्यांत आलें. अमेरिकेंत 2024 सालीं खोट्या मतांच्या खरेदीविक्रीस बंदी करणारा नियम झाला, आणि ब्रिटनमध्यें 2025 च्या एप्रिलपासून तसा कायदा अमलांत आला.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, केवळ तारकांचा आंकडा पाहून थांबूं नये. मतें किती आहेत, अलीकडचीं आहेत काय, हें पाहावें. एकाच दिवशीं एकाच थाटाचीं स्तुतिपर मतें आलीं असतील तर सावध व्हावें. दोन व तीन तारकांचीं मतें मुद्दाम वाचावींत. कारण रागावलेला व हुरळलेला यांच्यामधला मनुष्यच पुष्कळदां नेमकें सांगतो. आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा 1915 हा क्रमांक लक्षांत ठेवावा.

परंतु गणित, यंत्र व कायदा हीं तिन्ही मिळूनहि जें साधत नाहीं, तें लिहिणाऱ्याच्या हातीं आहे. तारा म्हणजे साक्ष. दहा आज्ञांत खोट्या साक्षीचा निषेध आहे, तो केवळ न्यायमंदिरापुरता नव्हे. शंभर रुपयांस विकलेली साक्ष वाचून दूरच्या गांवीं कोणी गरीब बाप आपल्या मुलासाठीं तेच बूट मागवील. तो आपणांस कधींहि दिसणार नाहीं, तरी तो आपला शेजारीच होय.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें ती चिठ्ठी बाजूस ठेविली व महिनाभर बूट वापरले. मग त्यानें चार तारे देऊन लिहिलें कीं, तळवा टिकाऊ आहे, पण नाड्या पंधरा दिवसांत तुटल्या. शंभर रुपये त्यास मिळाले नाहींत. तें मत मात्र अद्यापि तेथें आहे, आणि तें वाचून बूट घेणारास नाड्यांचा एक जादा जोड आधींच घेऊन ठेवितां येईल.